फुगा आणि कुलूप

३ जून
काय घडलं, तेवढंच.
१. बालवाडीच्या प्रवेशासाठी दादा, वहिनी, त्यांची चिमी आणि मी गेलो. चिमी साडेचार वर्षांची.
२. मुख्याध्यापिकाबाईंनी चित्र दाखवलं – मोठा फुगा, छोटं कुलूप. जड काय?
३. चिमीने हात पुढे केला. "हातात दे, मग सांगते."
४. बाईंनी लिहिलं: सूचना पाळत नाही.
५. मग वहिनीला म्हणाल्या, "घरी कुणी काही शिकवत नाही वाटतं." वहिनीची मान खाली.
६. पुन्हा चाचणी २१ तारखेला.

वजनकाटे तपासणं हा माझा पेशा. हातात घेतल्याशिवाय वजन सांगू नये, हे त्या खोलीत चिमीला कळत होतं, बाईंना नाही! त्यांना ते शब्द गिळायला लावीन.

५ जून
वही केली. रकाने – दुकान, प्रश्न, उत्तर, लागलेला वेळ. रोज कामावरून आले की चिमीला घेऊन बाजार. बाईंचं नाक पुराव्यानिशी कापायचं.

६ जून
हार्डवेअरच्या दुकानात बोल्टला नट हवा होता. चिमीने तीन लावून पाहिले, चौथा बसला. दुकानदार म्हणाला, हिला उद्यापासून कामावर पाठवा. नोंद केली. बाईंचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आणला. झकास झोप लागली.

११ जून
चांभाराकडे डावा-उजवा बूट ओळखणं: आठपैकी आठ. भाजीवालीकडे अडली. उत्तर चुकलं की मी पुन्हा विचारते – तीनदा. भाजीवाली म्हणाली, "ताई, पोरीला बाजारात आणलंय की परीक्षेला?"
मी हसले नाही.

१६ जून
चिमीच्या पोटात दुखतंय म्हणे. तरी नेलं. सतरा प्रश्न, सोळा बरोबर.

२१ जून
वही बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोन पानं चाळली. मग कपाटातून खरं कुलूप काढलं, एक फुगा फुगवला, दोन्ही चिमीपुढे ठेवलं. "घे हातात," म्हणाल्या.
चिमीने हात पाठीमागे नेले. माझ्याकडे बघितलं.
"आत्या, बरोबर काय आहे?"
बाईंनी कुलूप परत कपाटात ठेवलं. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं! प्रवेश नाही. परतताना दादाने एवढंच सांगितलं, की यापुढे हिला कुठे नेऊ नकोस.

२३ जून
दादाला पाठवलं:
"बाईंवरचा राग मी चिमीवर काढला. बाईंना अजून माफ केलेलं नाही, पण ते माझं मी बघीन. शनिवारी मला लाँड्रीतून कपडे आणायचे आहेत. चिमी यायला तयार आहे का, तिलाच विचार. मी तिला काही विचारणार नाही. शुक्रवारपर्यंत कळव."