सौ.चा गुडघा आणि आठ ट्यूलिप

२८ सप्टें.
पडेगावच्या नर्सरीतून ट्यूलिपचे आठ कंद आणले. तीन लाल, उंच दांड्याचे डार्विन. तीन पिवळे, लवकर फुलणारे. दोन पॅरट, झालरीसारख्या पाकळ्यांचे. नर्सरीवाले रशीदभाई म्हणाले, "इसकू ठंड होना साब. चौदा हफ्ते फ्रिज में. फ्रीजर में नक्को, सड जाता." पॅरट घेऊ नका, इकडं टिकत नाय म्हणाले. तरी घेतले.
सौ. म्हणाली, "फ्रिज माझ्या माहेरचा हाय, एवढं ध्यानात ठेवा."

२९ सप्टें.
लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी पलटायला नको. डॉक्टर दोन वर्षं सांगतायत, सौ.चा उजवा गुडघा बदलून घ्या. ही टाळते. घाबरते, पण कबूल करणार नाय. काश्मीरला टूरबरोबर गेलो तर ट्यूलिपच्या बागेच्या फाटकाशीच बसली, सगळ्यांच्या पिशव्या राखत. मी एकटा आत जाऊन आलो. फोटो दाखवले तर तोंड फिरवलं. गेल्या आठवड्यात जेवताना पुन्हा विषय काढला, तर म्हणे, "तुमचं ते फूल आपल्या पुंडलिकनगरात उगवू द्या, दुसऱ्या दिवशी अॅडमिट होते."
"शब्द?"
"व्हय, शब्द."
तिला वाटतंय, उगवणारच नाय. बघू.

२२ ऑक्टो.
तीन दिवस नाशिकला काय गेलो, घात! मेव्हणा दादाराव पिशोरहून सीताफळांची पाटी देऊन गेला, आणि सौ.नं पिकलेली सगळी फ्रिजात, नेमकी कंदांच्या शेजारी. पिकल्या फळाच्या वासानं कंदाच्या पोटातली कळी मरते. फ्रिजच्या दारावर माझ्या हातानं कागद चिकटवलाय, फळं ठेवू नये. टपोऱ्या अक्षरात.
"भावानं यष्टीत मांडीवर घेऊन आणली. बाहेर नासवू का?"
चार खाल्ली मी पण. गोड होती, तेच तर…

१४ नोव्हें.
सकाळपासून लाईट नाय. फ्रिज उघडायचा नाय असं बजावलं. सौ.नं दोनदा उघडला. एकदा दूध, एकदा कोथिंबीर. कोथिंबिरीवाचून काय अडलं होतं देव जाणे.

४ जाने.
चौदा आठवडे भरले. पॅरट दोन्ही मऊ पडून कुजलेले. रशीदभाई जिंकले. बाकी सहा लावले: माती, वाळू, जुनं शेणखत, कंद त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर. सहा कुंड्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत. सौ. खालून ओरडली, "लसूण पण लावा की त्यात." पायऱ्या चढायच्या नसल्या की जीभ लई चालते.

२३ जाने.
सहाही कोंब वर! खाली येऊन सांगितलं. सौ. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "उगवलं व्हय," एवढंच. चेहरा उतरला होता.

९ फेब्रु.
पानं, पानं, नुसती पानं. पाच कुंड्यांत पानं उघडून आतपर्यंत पाहिलं, कळीचा पत्ता नाय. सहावीची पानं अजून मिटलेली. सीताफळं भोवली. डोकं फिरलं. खाली येऊन बोललो, नको ते. "मुद्दाम ठेवलीस. ऑपरेशन टाळायला कंद मारलेस."
ती उठून आत गेली. भांडलेली परवडली असती.

११ फेब्रु.
अबोला चालू. ताट समोर ठेवते आणि जाते.
सहाव्या कुंडीत, पिवळ्यापैकी एकाला, पानांच्या मधोमध हिरवी कळी आहे! वाटाण्याच्या शेंगेएवढी. मोठ्यानं सांगितलं, भिंतीला सांगितल्यासारखं. रशीदभाईंना फोन. "धूप बहुत है साब. दोपहर कू मिट्टी पे बरफ रखो, कली कू लगने मत देव." उद्यापासून साडेअकराला बर्फ ठेवून मग वाचनालयात जायचं.

१५ फेब्रु.
हद्द झाली. रोज संध्याकाळी बर्फाचे दोन्ही ट्रे रिकामे. एक मी वापरतो, दुसरा कुठं जातो? विचारलं, "सरबतं चाललीत का माझ्या माघारी?" तर पहिल्यांदा तोंड उघडलं, "व्हय, लई चाललीत." बरं. तेवढं तरी बोलली.

१७ फेब्रु.
वाचनालयात गप्पा झाल्यावर पेपर उघडला तर चष्मा घरीच राहिलेला, म्हणून दीडलाच परत आलो. घरात सौ. नाय. हाका मारल्या. ओ आली ती जिन्यातून. सातव्या पायरीवर बसलेली, भिंतीला टेकून, घामाघूम. हातात स्टीलचा डबा, त्यात बर्फ वितळून पाणी झालेलं.
"रोजच्याला चढते मी. आज मधीच अडकले. ना वर जाता येईना, ना खाली."
"अगं पण कशाला? मी ठेवून जातो ना सकाळी?"
"तुमचा बर्फ एक वाजंपोत्तर इरघळून जातो. माती तापती." मग म्हणाली, "सीताफळं मी मुद्दाम नव्हती ठेवली."
शेजारी बसलो. गुडघ्याला हात लावला तर हा एवढा सुजलेला. शरम वाटली. दोन दिवस बर्फाचा हिशोब विचारत होतो तिला.
"भ्या वाटतं ना ऑपरेशनचं?"
"लई," म्हणाली.

१९ फेब्रु.
कुंडी खाली आणली. मागच्या दारी, मोरीजवळ उजेड आहे, ऊन नाय. आधीच सुचायला हवं होतं, अक्कल गहाण ठेवली होती. सौ. खुर्ची टाकून कुंडीजवळ बसते. शेंगदाणे सोलते, कळीकडं बघते.
दवाखान्यात फोन करू का, विचारलं.
"रंग तर दिसू द्या आधी."
कळी अजून हिरवीच. आत काय आहे, काही कळत नाय. दोन्ही ट्रे तिनं भरून ठेवलेत.