ऑर्कचा शिंगाचा पेला

आदिलाबाद, रविवार, दिवेलागण

आज गिरीशनं माझा ऑर्क नापास केला. आठ जणांसमोर, हसत हसत.

या ऑनलाइन खेळात आमी एकेक पात्र होऊन बोलतो. पात्राची पूर्वकथा त्या जगाच्या इतिहासात बसते का, हे गिरीश ठरवते. शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याच भरवशावर मी खेळात आलो. पंधरा दिवस खपून लिहिलं: माझा ऑर्क, म्हणजे राक्षसासारखा गडी, हिरव्या कातडीचा, सुळेवाला, माणसांच्या शेतात राबते. पाणी मात्र गोठ्यात टांगलेल्या शिंगाच्या पेल्यातून पिते. तो पेला घरात न्यायचा नाई.

गिरीश म्हणे, "खेळातल्या मोठ्या लढाईनंतर ऑर्क अन् माणसं एका पंगतीत जेवतेत. आपल्या जगात पेला वेगळा कोणी ठेवत नाई. पेला काढ, लगेच पास करतो." वरून सगळ्यांना ऐकवलं, "हा घरचं रडगाणं इथं आणून राह्यला."

सगळे हसले. पुण्याचे, नागपूरचे, मले न ओळखणारे. मी पण हसलो. काऊन हसलो?

तो पेला शिंगाचा नव्हताच. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गिलास होता. माझा बाप गिरीशच्या घरच्या कापसात राबायचा, अन् आमच्यासाठीचा गिलास त्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. गिरीशले आठवत नसेल? लहान होता म्हणावं, तर मीही तेवढाच होतो. बापासोबत पहिल्यांदा गेलो, तहान लागली, तेव्हा माझा हात धरून तो कोनाडा मले गिरीशनंच दाखवला होता.