तुळशीपानावरची शपथ

पुलगाव,
मार्गशीर्ष, १९५६

प्रिय सुमे,

तुझं पत्र पोचलं. लग्नाचा मांडव नालवाडीत घालायचा की वर्ध्याला, ते विचारलंस. उत्तराला उशीर केला. माझं अक्षर वाकडं, चौथीपुरतं. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. तुझ्या प्रभाकररावांनाही वाचायला दे. मास्तर आहेत, चुका काढतील. काढू देत.

साक्षगंधाच्या दिवशी त्यांनी माझ्या अच्युतच्या हातात तुळशीचं पान ठेवलं आणि सगळ्यांदेखत वदवून घेतलं, की कापसाचा वायदा करणार नाही, बाजारात पाय ठेवणार नाही. पुढच्या भावावर आज सौदा करणं म्हणजे त्यांच्या लेखी जुगारच. मी तिथं गप्प बसले याचं तुला नवल वाटलं असेल. पोरगं तुझ्या कांताकडे बघून हसत होतं गं, म्हणून बसले.

तुम्हाला वाटतं, तो नशिबावर पैसा लावायचा. अगं, महिना महिना तो काहीच करायचा नाही! ओसरीवर बसून ढग बघायचा. गाडीतला कापूस चिमटीत धरून धागा ओढून पाहायचा. मुंबईच्या भावाची तार आली की वाचून खिशात टाकायचा. मी ओरडायचे, "एवढा घोडा झाला, दिवसभर काऊन बसून राह्यला रे?" तर म्हणे, "माय, बसणंच काम हाय." बाजारात दुपट्ट्याखाली बोटं धरून भाव ठरतो, तोंडानं कोणी बोलत नाही. त्या बोटांवरून त्याला कळायचं, समोरच्याला विकायची घाई आहे की नुसता आव आहे.

चुकायचाही. एकदा असा चुकला की माझ्या पाटल्या गेल्या. घरी आला, पाय धुतले, म्हणाला, "माय, चुकलो. तोटा घेऊन आजच सौदा सोडून देल्ला." आणि पोटभर जेवला. मी त्याला नाही नाही ते बोलले. पण त्याच साली आमच्या ह्यांनी घरात कापूस भरून ठेवला होता. भाव उतरत होता, तरी आपलं एकच, माझा कापूस, मी म्हणीन तेव्हाच विकीन. उंदरांनी घरं केली त्यात. चुकलो म्हणता येणारा या घरात एकच आहे, हे मला तेव्हा कळलं. झोप नाही, गाल बसलेले, घरात कधी सण तर कधी उपास, हेही खरंच. अशा माणसाशी संसार सोपा असतो असं मी म्हणत नाही.

आता तो दारूगोळ्याच्या डेपोत कारकून आहे. पगार येतो, गाल भरलेत. जो तो म्हणतो, पोरगं सुधरलं. मागच्या पंधरवड्यात शेजारचे पुंडलिकराव आले. "अच्युत, कापूस विकू का ठेवू बाप्पा?" भाव पडणार हे याला ठाऊक होतं. ओठ हललेले मी पाहिले. पण म्हणाला, "मले नाई समजत आता, काका." पुढच्याच बाजाराला भाव कोसळला. पुंडलिकराव ओट्यावरून जाता जाता ऐकवून गेले, "सायेब झाला पोट्टा, आता त्याले कापूस नाई दिसत." हा ताटावर होता, तसाच उठला. तेव्हापासून कापसाची गाडी दिसली की दुसऱ्या गल्लीनं जातो. मी म्हटलं, अरे, शपथ वायद्याची होती, तोंडाची नव्हती. तर म्हणे, "सांगाले लागलो तर हात थांबनार नाई, माय."

सुमे, तो शपथ मोडणार नाही. कांतापायी जन्मभर मुसकं बांधलेल्या बैलासारखा तुमच्या शब्दात राहील, आणि एक दिवस रागानं तिच्याकडेच बघेल. तुझ्या पोरीवर ती वेळ यायला नको, म्हणून लिहिते आहे. मांडवाचं थांबव. प्रभाकररावांनी स्वतः इथं येऊन त्याला शपथेतून मोकळं करावं. आणि असा नवरा चालेल का, हे कांतानं आपल्या तोंडानं सांगावं. तिला आपण कोणी विचारलंच नाही. दोन्ही जमलं तर पोरीला वाजतगाजत घेऊन येईन. नाही जमलं, तर हे लग्न अच्युतच्या आईनं मोडलं असं चारचौघांत सांग, दोष माझ्यावर घाल. त्याला या पत्राची कल्पना नाही. कळल्यावर तो माझ्याशी बोलायचा नाही. तूही कदाचित बोलायची नाहीस.

तरी तुझीच,
चतुरा