बऱ्यापैकी विद्वान

कॅलोवे, इंडियाना
१२ मार्च १८७१

आदरणीय मेहिटेबल वन्संना लोइसचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? व्हरमाँटला अजून बर्फ असेल, अंगणात एकट्या उतरू नका. मी बरी आहे. घरात कुणी मोठ्याने घसा खाकरत नाही, एवढंच चुकल्यासारखं वाटतं.

तुमच्या बंधूंना जाऊन बारा दिवस झाले. चोवीस वर्षं ते इथे न्यायाधीश होते, म्हणून वकील मंडळींनी थडग्यावर दगड बसवायचं ठरवलं, आणि त्यावर काय कोरायचं यासाठी काल कोर्टातच शोकसभा घेतली. मी मागच्या बाकावर होते. पहिली सूचना आली ‘विद्वान’. लगेच पिंकहॅम वकील उठले (डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू). म्हणाले, “माणूस देवासारखा. पण वरच्या कोर्टाने त्यांचे एकोणीस निकाल फिरवले. दगडावर खोटं कसं लिहायचं?” म्हातारे ऑर्डवे ओरडले, “त्यातले सतरा तुझ्या बडबडीने बिघडले होते. बस खाली!” तासभर हेच. शेवटी ‘बऱ्यापैकी विद्वान’ ही दुरुस्ती सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाली. ‘निःपक्षपाती’ मात्र एकमताने, कारण ते कायम आपल्याच विरुद्ध निकाल देत अशी प्रत्येकाची खात्री होती. ‘सहनशील’ म्हणताच कुणीतरी म्हणालं, “ती झोप होती हो,” आणि (वन्सं, रागावू नका) मलाही हसू आलं. पण पुढच्या सोमवारी पाथरवट छिन्नी लावणार, आणि मग जन्मभर मी त्या ‘बऱ्यापैकी’पाशी फुलं ठेवणार, हे ध्यानात आलं आणि हसू गेलं.

तेवढ्यात शेगडीत लाकडं घालायला तुरुंगातून आणलेला आमोस गिली (दुसऱ्याच्या घोड्यावरून लग्नाला गेला आणि आठवड्याने परतला, तो) मध्येच म्हणाला, “मला साहेबांनी सहा महिने आत घातलं. वर दर रविवारी कोठडीशी येऊन सांगायचे, ‘गिली, निकाल बरोबरच होता.’ हातात सफरचंदाचा केक. महिन्याभराने आवाज जरा खाली आला. पुढे पुढे नुसताच केक. माझ्या आधीच्यालाही आणायचे म्हणे.”

वन्सं, तो केक माझा. शनिवारी केलेला केक रविवारी संध्याकाळी नाहीसा होई, म्हणून चोवीस वर्षं मी त्यांना खादाड म्हटलं. एकदाही त्यांनी बचाव केला नाही (आणि कोर्टात घोडेचोरालासुद्धा बचावाची संधी द्यायचे).

मी चारचौघांत तोंड उघडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण उठले आणि म्हटलं, “ठराव तहकूब. सगळे खाली बसा.” त्यांचंच वाक्य. सगळे सवयीने बसले. पिंकहॅम तर “जी, साहेब” म्हणून गेले.

दगडावर नाव, सालं आणि ‘दर रविवारी येत असत’ एवढंच कोरावं, असं माझ्या मनात आहे. तुम्ही घरच्या थोरल्या. तुमचा होकार सोमवारच्या आत तारेने कळवावा.

तुमची
लोइस

ता. क. तारेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुमच्या बागेतली सुकी सफरचंदं पेटीभर पाठवा. इथली आजच्या केकला संपली, आणि गिलीचे अजून अकरा रविवार उरले आहेत.

आणखी एक. केक घेऊन आज मीच गेले होते. गिली म्हणतो, पहिला मोठा तुकडा साहेब गजांबाहेर उभे राहून स्वतःच खायचे. म्हणजे मी खादाड म्हणत होते, तेही बऱ्यापैकी बरोबर होतं.