रोज एक कार्ड

मलकापूर, ३ जून १९९७

चि. केरबास,
आक्काताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

वि. वि. परवा तुझ्या घरून निघाले ती संतापूनच. डॉक्टरांनी तुला साखर सांगून वर्ष झालं. एप्रिलमध्ये पांढरे बूट घेतलेस, आठ दिवस पंचगंगेच्या घाटापर्यंत चाललास, साऱ्या गल्लीला आरोग्याचे धडे दिलेस. आता बूट माळ्यावर आणि तू चहाच्या गाड्यावर. चिमणाबाई डब्यात मेथी-भाकरी देते, ती तू दुसऱ्याला देतोस आणि कारखान्याच्या गेटवर भजी खातोस, हेही मला कळलं आहे.

आपल्या आईचा पाय या साखरेनंच गुडघ्याखाली कापला तेव्हा तू तेवीस वर्षांचा होतास, कुक्कुलं बाळ नव्हतास. वर्षाच्या आत ती गेली. तुझी साखर तिच्यापेक्षा जास्त आहे. चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग बत्तीस वर्षं सांभाळला मी, पण तू एकटा काही सांभाळला जात नाहीस.

आता ऐक. रोज सकाळी घाटापर्यंत चालायचं आणि आल्यावर मला एक पोस्टकार्ड टाकायचं. एका ओळीचं चालेल. ज्या तारखेचं कार्ड येणार नाही, त्या दिवशी तू चालला नाहीस असं मी धरीन.

लोभ आहेच, पण सध्या तो रागाखाली दबला आहे.

तुझी,
आक्काताई


कोल्हापूर, ९ जून १९९७

ति. आक्कास,
केरबाचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्र पोचलं. चिमणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, प्रत्येक शिवीपाशी जरा थांबून.

आक्का, तू मास्तरीण असशील, पण मी तुझ्या वर्गातला नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या आहे. घरात बायको ताट बघते, विहारात लोक पोट बघतात, आता पोस्टमननंही बघायचं? शिरोलीच्या कारखान्यात भट्टीपुढं आठ तास लोखंडाचे साचे भरून बघ एकदा, मग पहाटे उठून चाल म्हण. पहिले आठ दिवस हुरूप असतो, खरं आहे. मग एक दिवस खाडा होतो आणि काहीच होत नाही. पथ्य पाळलं तरी काही होत नाही, मोडलं तरी काही होत नाही. मग माणसानं ते कशाच्या जोरावर पाळायचं?

आणि माझी काळजी करू नकोस. परवा वितळलेल्या लोखंडाचा थेंब उडून बुटात गेला. बाकीचे ओरडले, मला चटकासुद्धा लागला नाही. आमचे मुकादम आकाराम सगळ्यांना म्हणाले, केरबाचं कातडं बघा.

तरी तुझा शब्द मोडत नाही. उद्यापासून कार्ड येईल. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
केरबा


कोल्हापूर, २० जुलै १९९७

ति. वन्संना,
चिमणाबाईचा जयभीम.

वि. वि. वन्सं, घाबरू नका. यांना शुक्रवारी दवाखान्यात नेलं. काल उजव्या पायाचा अंगठा काढला. बुटात थेंब उडाला होता तिथं जखम झालती, ती यांना कळलीच नाही. वास यायला लागला तेव्हा मी जबरदस्तीनं मोजा काढून बघितलं. डॉक्टर म्हणाले, चटका लागला नाही तो साखरेनं पाय बधिर झालाय म्हणून. महिनाभर आधी आणलं असतं तर अंगठा राहिला असता.

आता एक सांगते, मग मला काय बोलायचं ते बोला. तुम्हाला आलेल्या कार्डांतली पहिली पाचच खरी. नंतरच्या रविवारी यांनी एका बैठकीला पन्नास कार्डं लिहून काढली, पुढच्या तारखा घालून. मला म्हणाले, "रोज एक टाकत जा. आक्काचा जीव बी शांत ऱ्हाईल आन् माझा बी." मी टाकत गेले. रोजच्या भांडणाला कंटाळले होते. तुम्ही मलकापुरात बसून रागावता. इथं मी दोन-दोन स्वयंपाक करते आणि दोन्हीकडून बोलणी खाते. कालचं कार्डसुद्धा दवाखान्यात जाता जाता टाकलं, हाताला सवय लागली होती.

रागावा, पण दूर लोटू नका.

आपली,
चिमणाबाई


मलकापूर, २३ जुलै १९९७

केरबा,

आशीर्वाद आज लिहीत नाही. चिमणाबाईचं पत्र आणि तुझं कार्ड एकाच टपालानं आलं. कार्डावर १९ जुलै, आणि तुझ्या अक्षरात, आज घाटापर्यंत चाललो, पाय ठणठणीत. त्याच दिवशी तुझा अंगठा कापत होते.

दर रविवारी विहारात चौथं शील म्हणतोस ना, खोटं बोलणार नाही म्हणून? आणि घरी येऊन पन्नास वेळा खोटं लिहितोस? लाज कशी वाटली नाही तुला?

चिमणाबाईला मी काही बोलणार नाही. माझाच मला संताप येतो. तुझी कार्डं मी शेजारणींना वाचून दाखवत होते. महिन्याचं शुद्धलेखन एका बैठकीत लिहून आणणारी पोरं मी लांबून ओळखायची. इथं एकच शाई, एकच ओळ, तरी ओळखलं नाही, कारण ते खरं असावं असं मला वाटत होतं.

मोडलं तरी काही होत नाही म्हणालास. आईलाही अकरा वर्षं काही झालं नव्हतं.

यापुढं मला कार्ड पाठवू नकोस.

आक्काताई


कोल्हापूर, १४ ऑगस्ट १९९७

ति. आक्कास,
केरबाचा जयभीम.

वि. वि. तू नको म्हणालीस तरी लिहितो. उरलेली कार्डं चिमणीनं चुलीत घातली.

आधी मी सगळ्यांवर चिडलो, डॉक्टरवर, चिमणीवर, तुझ्यावर. मग टाके काढताना डॉक्टरांनी पायाला हात लावला आणि मला तो कळला नाही. तेव्हा मात्र मी रडलो. आईच्या वेळी इतका रडलो नव्हतो. पण आक्का, ती भीतीही आठ दिवसांत पातळ झाली. हुरूप गेला तशी भीतीही जाते, हे बघून माझाच मला संताप येतो.

जखम भरली आहे. डॉक्टरांनी जाड तळाची चप्पल दिली आहे आणि रोज गल्लीच्या टोकापर्यंत जायला सांगितलं आहे. सोमवारी गेलो. मंगळवारी गेलो नाही, दुखत नव्हतं, नुसता कंटाळा आला. बुधवारी गेलो आणि येताना भजी खाल्ली. आज सकाळी काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत आलो आणि परत जाऊन पडलो. 'चाललो' लिहायला कधी वेळ लागला नाही, हे लिहायला तासभर बसलो आहे.

तू भांड, शिव्या दे, पण कार्ड नको म्हणू नकोस. ज्याच्याशी खोटं बोलल्याची लाज वाटेल असं मला दुसरं कुणी नाही. राग कमी झाला नाही तरी चालेल, तेवढा जयभीम घ्यावा.

तुझा,
केरबा

ता. क. चिमणी हे पत्र टाकायला मागते आहे. देत नाही. पेटी गल्लीच्या टोकाला आहे, मीच काठी घेऊन जातो.