सतरा नंबरच्या गिटारची पाठ

४ नोव्हें. २०१४, मंगळ.
आज तुळशीचं लग्न. ऊस आणायला गेलो आणि गिटार घेऊन आलो, म्हणून ही फणफणली. दुरुस्त करून विकायला घेतलेली ही नं. १७.

कळंबोलीतच मिळाली. जाहिरात काल साइटवर लागली, सारिकाने लगेच फोन लावून दिला. आमची सून या धंद्याची मॅनेजर. फोटो, जाहिरात, गिऱ्हाईक सगळं तिच्याकडे. मी नुसता सुतार.

विकणारा माणूस पन्नाशीचा. घरात खोकी बांधून ठेवलेली, जागा बदलतोय म्हणाला. घासाघीस नाही. "मला त्यातलं काही कळत नाही. घेऊन जा." जिन्यापर्यंत सोडायला आला, गिटारला एकदा हात लावला, परत घेतला. मला वाटलं धूळ झटकतोय.

५ नोव्हें., बुध.
१७ नीट पाहिली. जिथे तारा अडकवतात ती पट्टी उचकटलीय. दांडी जराशी वाकलीय. खुंट्या पाच काळ्या, एक पांढरी; कोणीतरी मिळेल ती बसवलेली. आवाज मात्र गोड. खोकं लहान पण मनाने मोठं.

आणि पाठ! उलटी केली तर पाठभर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. भांड्यांच्या दुकानात मशीनने घालतात ना, तस्सं. "चि. ऋतुजा हिस दहावी पास झाल्याबद्दल सप्रेम भेट. आई." खाली पाच टिंबांचं फूल. मी हसून हसून बेजार. हिला हाक मारून दाखवलं.
"अगो बाय, गिटार हाय का पातेला?"
सारिकाने नेहमीप्रमाणे आल्या अवस्थेतले फोटो काढून ठेवले.

६ नोव्हें., गुरु.
दिवसभर १७ वर. पट्टी चिकटवून दाबून ठेवली. मग पाठ घेतली.

कळंबोलीत तीस वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधल्या. उस्तादाचा पहिला धडा हाच, की जुनी गाडी नव्या मालकाला द्यायची तर आधीचं नाव खरवडून काढायचं. पोरांची नावं, आईचा आशीर्वाद, सगळं. दुसऱ्याच्या आईचा आशीर्वाद घेऊन माणूस घाटात कसा जाईल? गिटारलाही तोच नियम. एकेक टिंब लाकडाच्या भुशाने आणि सरसाने बुजवलं. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. हात दुखले पण चीज झालं.

८ नोव्हें., शनि.
पॉलिशचे दोन हात झाले. पाठ अशी, की तोंड बघून भांग पाडावा. सारिका म्हणाली, "नाना, ही तर नवीनच वाटते." जाहिरात टाकली. फोटो दर्शनी बाजूचे. पाठीवर उजेड पडून नुसता पांढरा डाग येत होता, म्हणून तो सोडला.

तासाभरात चार मेसेज. एकाला "लास्ट प्राइस" हवी. एक विचारतो गिटारच्या बदल्यात सायकल घ्याल का. एकाने नुसतं "हाय" लिहून पाठवलं, पुढे काही नाही. बिचाऱ्याला बोलायला कोणी नसेल. सारिकाला म्हटलं, त्याला पण हाय पाठव.

१० नोव्हें., सोम.
काय करून बसलो.

दुपारी फोन. मुलीचा आवाज.
"काका, ती पांढऱ्या खुंटीची गिटार अजून आहे का? विकू नका हं. माझी आहे ती."
ऋतुजा. पुण्याला हॉस्टेलवर शिकते. आईला जाऊन दीड वर्ष झालं. बापाने पोरीला न विचारताच विकली; आता कोणाला दिली तेही सांगत नाही, गेली ती गेली म्हणतो. पोरगी रोज साइटवर गिटारच्या जाहिराती चाळत बसायची. पांढऱ्या खुंटीवरून ओळखली. ती खुंटी तिच्या आईने बसवून आणलेली.
मग म्हणाली, "काका, पाठीवर अक्षरं आहेत ना? आईने स्वतः घातलीत. ती भांड्यांच्या दुकानात नावं घालायची."
माझ्या तोंडून निघालं, "आहेत."

आहेत! जीभ का नाही झडली. रविवारी येते म्हणाली. किती वेळा थँक्यू म्हणाली देव जाणे.

११ नोव्हें., मंगळ.
जेवण गेलं नाही. हिला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकलं.
"तुमाला सांगत होते, परक्याच्या वस्तूवर एवडा हात चालवू नका. आयकाल तर शपथ." थोड्या वेळाने, "आनि खोटा कशाला बोललाव?"
पोरीचा आवाज इतका खुशीत होता. नाही म्हणायला एक श्वास घ्यायचा होता, तेवढा घेतला नाही.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणावं तर तेही नाही. गणपती आधीच होता, मीच मोडला.

सारिकाने जाहिरात काढून टाकली. जुना फोटो काढून दाखवला. सगळी अक्षरं स्पष्ट. फुलासकट. फोटोत माझा अंगठाही आलाय, हसताना गिटार धरलेली.

१२ नोव्हें., बुध.
सकाळपासून एकेक टिंब परत उघडायच्या मागे. कोमट पाण्याचं फडकं ठेवलं, मग बारीक सुई. सरस पक्का बसलाय. माझंच काम, कच्चं कसं असेल? चौथ्या टिंबाला पापुद्रा सुटायला लागला. पातळ फळी आहे, ओढत बसलो तर पाठच जाईल. थांबलो. सुटलेला पापुद्रा परत चिकटवला.

तीस वर्षांत कोणी म्हणालं नाही की नाना, तुमचं काम कच्चं. आज कच्चं असतं तर.

१३ नोव्हें., गुरु.
पनवेलला बाजारात गेलो. भांड्यांची चार दुकानं फिरलो, सारिकाचा फोन हातात घेऊन. चौथ्या ठिकाणी मालकाने फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीवरून उठला.
"ही आमच्या मंदाताईंची अक्षरं. नऊ वर्षं होत्या इथे. बाकीचे शेवटी नुसतं टिंब देतात. ताई फूल काढायच्या, पाच टिंबांचं. मी ओरडायचो, ताई, रांग लागलीय, फुलं कसली काढताय! म्हणायच्या, शेठ, फुलाचे पैसे लावू नका, ते माझ्याकडून."
गिटारचं पण आठवलं त्याला. "लाकडावर मशीन घसरते. आधी एका फुटक्या पाटावर चार दिवस हात बसवला त्यांनी. जेवायच्या सुट्टीत."

चार दिवस. आणि मी एका दुपारात.

सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गिटार घेऊन या. मशीनवर आता मीच बसतो. फोटो आहे, हुबेहूब काढून देतो, फूलसुद्धा. कोणाला कळणार आहे?"
मी म्हटलं, उद्या आणतो.
घरी येईपर्यंत जीव हलका झाला होता. हे लिहून ठेवतो. हलका झाला होता.

१४ नोव्हें., शुक्र.
गिटार चादरीत बांधली. निघताना पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. कळशी कलती केली तर पोटावर अक्षरं दिसली. सारिका आणि आमच्या महेशच्या लग्नात आमच्या बॉडीवाल्या मित्रमंडळाने दिलेली तांब्याची कळशी. हिला नाव भिंतीकडे करून ठेवायची सवय, म्हणून सहा वर्षं त्यातलं पाणी पितोय आणि एकदा वाचलं नाही. "यांच्या विवाहानिमित्त सप्रेम भेट." आणि शेवटी फूल. पाच टिंबांचं.

तिथेच पाटावर बसलो. ही म्हणाली, "चक्कर आली का?"

आम्ही त्या बाईचे कोण? तरी आमच्या कळशीवर फूल. फुकट. आणि मी शेठच्या हाताने तिच्या लेकीसाठी खोटं फूल काढून घ्यायला निघालेलो. सोमवारी खोटं बोललो ते हवेत होतं. आज ते लाकडावर कोरायला चाललो होतो.

चादर सोडली. सारिकाला म्हटलं, लाव फोन पुण्याला.
ती म्हणाली, "मी बोलू का नाना?"
नको म्हटलं.

सांगितलं. अक्षरं नाहीत, मी बुजवली, सोमवारी खोटं बोललो. माफ कर म्हणायचं होतं, तेवढ्यात फोन कट झालेला. कुठपर्यंत ऐकलं, माहीत नाही.

१५ नोव्हें., शनि.
काही नाही. दोनदा सारिकाला विचारलं, मेसेज आला का. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "आला की सांगते ना, नाना."
हिने न सांगता कळशी चिंचेने घासून ठेवली.
संध्याकाळी मेसेज. "उद्या अकराला येते." काका नाही, थँक्यू नाही. सगळं ऐकलं होतं म्हणायचं.

१६ नोव्हें., रवि.
आली. एवढीशी पोर. पाठीवर कॉलेजची बॅग, पायात रबरी चप्पल. हिने पोहे केले होते, त्याला हात लावला नाही.

गिटार हातात दिली. तिने आधी पांढरी खुंटी पाहिली, मग उलटी केली. तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, आंधळं माणूस वाचतं तसा.
"छान केलंय काका. काहीच राहिलं नाही."
शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, पोरी, एक पैसा नको, घेऊन जा. शेठकडून खोटी अक्षरं घालून घेणार होतो, तेही सांगितलं. ते का सांगितलं कोण जाणे. एकदा सांडशीने दात धरलाच आहे तर मुळासकट काढावा. तिने वर पाहिलं.
"मग का नाही घातली?"

तेव्हा हिने कळशी आणून पुढ्यात ठेवली. नाव तिच्याकडे करून.
ऋतुजाने कळशी जवळ ओढली. मग बोटाने फुलाची टिंबं मोजली. पाच. परत मोजली.
"आमच्या घरी एकाही भांड्यावर नाव नाही," ती म्हणाली. "मी विचारायचे, गावभर नावं घालतेस, आपल्या डब्यावर का नाही? म्हणायची, घरच्या वस्तूला कशाला नाव, ती कुठे जाणारेय?"
मग गिटारकडे पाहून, "हिच्यावर मात्र घातलं."

सारिका उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, भांडी काही वाजली नाहीत.

ही म्हणाली, "बाय, ही कलशी ने तू. तुज्या आईची हाय."
"नको, काकू. वापरात आहे ना? वापरातच राहू दे." मग म्हणाली, "पाणी देता का थोडं?"
त्याच कळशीतलं प्यायली. दोन पेले.

जाताना गिटार खाटेवर ठेवली. मी म्हटलं, अगं ही?
"बाबांनी विकलीय. त्यांनीच न्यायला यायचं. मी सांगितलंय त्यांना. काल पहिल्यांदा भांडलो आम्ही. आई गेल्यापासून भांडलो पण नव्हतो." एक तार छेडली, लगेच हाताने दाबून बंद केली. "तोवर ठेवाल? आणि पाठीला आता काही करू नका."
नाही करणार म्हटलं. ती माझ्यावर रागावलीय की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. माफ कर म्हटलं तेव्हा चपलेत पाय घालत होती. मान हलवली, पण ती कशासाठी.

२१ नोव्हें., शुक्र.
ऋतुजाचे बाबा आले नाहीत. १७ च्या तारा सैल करून ठेवल्या, दांडीवर ताण नको. नं. १८ साठी खारघरहून निरोप आहे, जाऊ वाटत नाही. सारिका म्हणते, "नाना, साइटवर लोक वाट बघतायत." बघू देत.

एक केलं. यापुढे वस्तू घेताना विकणाऱ्याला विचारायचं, हिच्यावरचं काही ठेवायचंय का. उस्ताद असता तर हसला असता. हसू दे.

३० नोव्हें., रवि.
दुपारी फोन. सारिका बाहेर होती, मीच घेतला. हॅलो हॅलो केलं, पलीकडून आवाज नाही. मागे ट्रकचा हॉर्न, मग रिव्हर्सची पिपाणी. ते आवाज मी झोपेतही ओळखीन. कळंबोली.
मी म्हटलं, "ऋतुजाचे बाबा का?"
काही नाही. श्वास ऐकू येत होता.
मग मीच बोललो. "गिटार इथेच आहे. पाठीवरचं मी पुसलं, ते परत येणार नाही. पण गिटार आहे. पांढरी खुंटी आहे. कधीही या. घर सापडलं नाही तर नाक्यावर बॉडीवाला नाना विचारा."
पुन्हा एक ट्रक गेला. मग फोन बंद.

ही कळशी भरत होती. हल्ली नाव भिंतीकडे करत नाही. म्हणाली, "कोन होता?"
म्हटलं, येतील बहुतेक.
"बहुतेक म्हंजे?"
म्हटलं, पोहे भिजवायची घाई करू नको. पण घरात पोहे असू देत.