नऊ-सोळाचा पाना

१४ जुलै

तिसऱ्या ठोक्याला चाक सुटलं. स्टेअरिंगचं. मांडीवर आदळलं. वडील, आण्णा, खुर्चीतून म्हणाले, "लागलं का? लागू दे. जन्मात पहिल्यांदा कायतरी सुटलं तुझ्या हातनं."

पत्र्याची शेड, दुपार. आत स्टेअरिंगची नळी अजून तशीच. खाली क्लॅम्पचा बोल्ट सुटल्याशिवाय ती येणार नाही, आणि त्याला नऊ-सोळाचाच पाना लागतो. इंची माप, नऊ सोळांश. घरात एकच. बाकीचे सगळे एमएमचे, त्यातला एकही बसत नाही.

हा पाना ओळखीचा. बारावीनंतर मराठी घेऊन बी.ए. करतो म्हणालो तेव्हा आण्णांच्या हातात हाच होता. माझी उजवी करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. तिच्यासकट पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं.

१६ जुलै

नळी निघाली. आतला दांडा सरळ आहे. दांडा धरणारी दोन कडी, म्हणजे बुश: वरचा नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, कुजून लगदा झालेला. खालचा पितळी, झिजून लांबट. म्हणून चाक वीतभर फिरलं तरी गाडीला पत्ता नसायचा.

गाडी विलायती, दोन सीटची, लाल, टप उघडणारी. हैदराबादच्या कुणीतरी दुरुस्तीला टाकली आणि न्यायला आलंच नाही. आण्णांनी ती आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त पुसली.

मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला; दवाखान्यात, जीभ वळायला लागल्यावर त्यांचा पहिला शब्द: "गाडी." डावा हात गेला तो गेलाच. पाय आला. मी म्हणालो, स्टेअरिंग नीट करतो, मग विष्णुपुरीच्या धरणापर्यंत तुम्हीच न्या. गिअर डाव्या हाताला आहे, तो मी टाकीन. बाहेर डॉक्टर म्हणाले, यांच्या हातात पुन्हा गाडी द्यायची नाही. मला वाटलं, शब्द पाळायची वेळ येण्याआधी ते जातील.

गेले नाहीत.

२१ जुलै, लातूर

एसटीने आलो. पिशवीत दांडा आणि बुश. आण्णांचं गॅरेज तीस वर्षं इथे होतं. त्यांच्या हाताखालचा खाजाभाई आता स्वतःचं लेथ चालवतो. डाव्या हाताला चारच बोटं.

"उस्ताद जिंदा हैत?"

"हो."

"बोलतेत?"

"बोलतात."

"मंग जिंदाच हैत."

बुश कातता कातता बोटाचं सांगितलं. "मशीनमधी गेलं तवा उस्ताद काय म्हनले ठाव है का? म्हनले, खाजा, आता नऊपर्यंतच मोज." हसला. मीही हसलो. त्याच्या आधी.

मग खंडेनवमीचं निघालं. "पाने एकदा पुजले की दसऱ्याला पूजा उठंपर्यंत हात लावायचा न्हाई. उस्तादचा कायदा. एकदा जीपवाला आला. जीप बंद, आत बायको अडलेली, तो रडून राहिला. मी पूजेतला पाना उचलला. उस्तादनं काढून घेतला. हळद पुसली गेलती, ती परत लावली अन् ठेवला."

"मग बाई?"

"मंग काय. दसरा झाला."

२ ऑगस्ट

नांदेड. नमदा तेलात भिजवून रात्रभर ठेवला होता, आज बसवला. आण्णा खुर्ची पुढे ओढून बसले.

"बोल्ट आधी बोटानं चढव. घाई करू नको. तिरपा चढला तर पान्यानं लई घट्ट व्हतो, पर धरत न्हाई. खोटा घट्ट. तुमच्या पीएचडीसारखा."

मी म्हणालो, "बॅटरी धरा जरा." त्यांच्या डाव्या हाताजवळ धरली. ते बॅटरीकडे बघत राहिले. मग मी ती स्वतःच तोंडात धरली.

९ ऑगस्ट

झालं.

दुपारी दोन ते चार आण्णा झोपतात. शेडमध्ये एकटाच होतो. चाक बोटभर फिरवलं, पुढची चाकं बोटभर फिरली. ढिलाई शून्य. इतकं नीट काम मी आयुष्यात केलेलं नाही. प्रबंधसुद्धा नाही.

पंधरा मिनिटं बघत बसलो. मग पाना घेतला, बोल्ट खोलला, नळी ओढून बाकावर ठेवली.

चारला आण्णा आले.

"झालं का?"

"बुश बसत नाही."

"मंग घास अजून."

१० ऑगस्ट

सकाळी लावली. दुपारी खोलली. आता हीच खूण: ला., खो.

२० ऑगस्ट

ला. खो. आण्णा म्हणाले, खाजानं बुश चुकीचा कातला, त्याला फोन लाव. लावला. स्पीकरवर. आण्णांनी त्याला आईवरून शिव्या दिल्या. तो "हाव उस्ताद, गलती हो गई" म्हणत राहिला. बुश उत्तम होता. मी मध्ये बोललो नाही.

२९ ऑगस्ट

ला. खो. चहाचा कप आण्णांच्या डाव्या बाजूला ठेवला. मुद्दाम. उजवा हात अंगावरून तिकडे नेईपर्यंत साय धरली. त्यांनी सायीसकट प्यायला, मिशी पुसली, म्हणाले, "चहा करायला तरी शिकलास."

४ सप्टेंबर

बायकोच्या, शैलाच्या, लक्षात आलं. भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "रोज लावता अन् रोज खोलता. त्यापेक्षा मामांना सरळ नाही म्हणा की. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"त्यांना वाईट वाटेल."

"हे चांगलं वाटून राहिलंय का त्यांना?"

 नाही एकदाच म्हणता येतं. हे रोज करता येतं.

१३ सप्टेंबर

आण्णांनी विचारलं, "दसऱ्यापर्यंत व्हईल का रे?"

रे. कधी म्हणाले होते आठवत नाही.

"बघू," म्हणालो. दिवसभर बरं वाटत होतं. ला. खो.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. आण्णांनी शैलाकडून पांढरी टोपी धुऊन घेतली, कडक खळ लावून. खुंटीला अडकवली. शेडमधून ती खुंटी दिसते.

त्यांनी विचारलं, "आज काय राह्यलं?"

"थोडा प्ले आहे, चाक ढिलं फिरतं."

"प्ले," ते म्हणाले. "माणूस मरतो, प्ले राहतो." आणि हसले. मला ते वाक्य आवडलं. चोरावंसं वाटलं. ला. खो.

३० सप्टेंबर, अष्टमी

कंटाळा. सकाळी लावली. दुपारी नळी बाहेर काढली नाही, फक्त क्लॅम्पचा बोल्ट ढिला केला, दोन आट्यांवर ठेवला. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं. चारला आण्णा आले, गाडीकडे बघितलं, काही विचारलं नाही. उद्या बघू.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

उठून शेडमध्ये गेलो तर पूजा मांडलेली. पाटावर फडकं, त्यावर सगळे पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, पक्कड, हातोडी, कानस, जॅक. हळदकुंकू, झेंडू. नऊ-सोळाचा मधोमध. आण्णांनी शैलाला पहाटेच उठवलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकपण मागं ठेवू नको म्हणाले."

गाडीला हार.

आण्णा टोपी घालून बसलेले. "काम झालंय. उद्या सीमोल्लंघन विष्णुपुरीला. मी नेणार. तू गिअर टाक."

मी म्हणालो, "एकदा बघून घेतो."

"काय बघतो?"

"सगळंच."

"पाना लागत असंल तर सांग."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ, पाणी नाही. सांगायचं तर तीन शब्द: बोल्ट ढिला आहे. पुढचा प्रश्न येणार, कुणी केला? आणि त्याच्या मागे पन्नास दुपारी.

"नाही लागत," म्हणालो.

"मंग नमस्कार कर."

केला. पान्यालाच.

बोनेट उघडून बोल्ट बोटांनी जितका फिरला तितका फिरवला. बोटांनी काही होत नाही. धरणाकडच्या वळणावर स्टेअरिंग हातात राहील आणि चाकं आपल्या वाटेने जातील. गाडीत दोघं असू. हे मी शांतपणे लिहितो आहे, हे मला दिसतं आहे.

शैलाला सांगितलं तर ती पाटावरून पाना उचलून हातात देईल, कायदाबियदा बघणार नाही. म्हणून तिलाही सांगितलं नाही.

आण्णांना माहीत आहे का? दुपारी दोन ते चार ते झोपतात असं मीच या वहीत लिहिलं आहे. जाऊन बघितलं कधीच नाही.

आज करायला काही नव्हतं. दोनला पडलो. साडेचारला जाग आली. आण्णा अंगणात, साबण लावलेला एकच हात धूत होते. म्हणजे नळाखाली नुसताच धरून.

"किती झोपतोस," म्हणाले.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सहाला शेडमध्ये गेलो. पूजेतला नऊ-सोळाचा जागेवर आहे, पण तोंड उलट दिशेला. मधली हळद पुसली गेली होती, ती पुन्हा लावली आहे. बोटाने, जाड.

बोनेट उघडलं. बोल्टच्या डोक्यावर पिवळं. आत पूर्ण गेलेला. बोटांनी हलत नाही.

एका हाताने, वाकून आवळलेला. सरळ चढला असेल किंवा तिरपा. वरून दोन्ही सारखेच दिसतात. खरा घट्ट की खोटा, ते पाना लावल्याशिवाय कळत नाही. पाने पूजेत, पूजा अजून उठलेली नाही.

आण्णा गाडीत बसले आहेत. टोपी. उजवा हात चाकावर, डावा मी आत्ताच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. मी बोल्टचं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. "वही मिटव अन् ये," एवढंच म्हणाले.

शैलाने फाटक उघडलं. हॉर्न दोनदा झाला. गिअर टाकायला जातो.